मागचा वायपर बंद पडलाय? मोटर बदलण्याआधी हे वाचा

मागचा वायपर फिरेनासा झाला की बरेच ग्राहक गाडी लावतानाच सांगतात, "मोटर गेलीय, नवीन टाका." आम्ही लगेच हो म्हणत नाही. अशा कितीतरी गाड्यांत मोटर ठणठणीत निघते. जाम झालेला असतो तिच्यातून काचेबाहेर येणारा दांडा, नाहीतर तुटलेली असते एखादी वायर. मूळ दुखणं तसंच ठेवून नवी मोटर बसवली तर तीही काही दिवसांत त्याच वाटेनं जाते. ग्राहकाचे पैसे असे वाया गेलेले आम्हाला बघवत नाहीत, म्हणून दुरुस्ती कशी होते ते इथे सविस्तर लिहिलं आहे.

आधी मोटरचं काम समजून घेऊ. मोटर गोल फिरते, वायपर मात्र कमानीत जातो आणि परत येतो. हा बदल मोटरला जोडलेल्या छोट्या गिअरबॉक्समध्ये होतो. तिथून निघालेला पोलादी दांडा (आम्ही त्याला स्पिंडल म्हणतो) धातूच्या नळीतून बाहेर येतो आणि त्याच्या टोकावर वायपरचा आर्म बसतो. नळीच्या तोंडाशी रबराचं सील असतं. ऊन खाऊन ते कडक होतं, त्याला चिरा पडतात आणि पाणी आत उतरतं. ग्रीस वाळून चिकट होतं, दांड्यावर गंज धरतो, ॲल्युमिनियमच्या नळीत पांढरी भुकटी साचते. वायपर आधी हळू चालतो, मग मध्येच अडखळतो आणि एक दिवस थांबतो. बटण दाबल्यावर मोटरचा हुंकार ऐकू येतो, पण आर्म हलत नाही. अशा वेळी बटण ताबडतोब बंद करा. अडकलेली मोटर नेहमीपेक्षा बराच जास्त करंट ओढते. फ्यूज उडाला तर थोडक्यात निभावलं, नाहीतर आतलं वाइंडिंग (तांब्याच्या तारेची गुंडाळी) तापून खरोखरच मोटर जाते.

दुरुस्तीला सुरुवात करताना वायपर थांबतो त्या जागी काचेवर चिकटपट्टी लावून आम्ही खूण करतो. मग आर्मच्या बुडाचं झाकण उचलून नट काढतो. खरी कसोटी इथून पुढे. आर्म दांड्यावरच्या बारीक दात्यांवर घट्ट बसलेला असतो आणि वर्षानुवर्षांच्या पाण्यानं तिथेच धरून राहतो. त्यावर गंज सोडवणारं तेल सोडून थांबावं लागतं, मग पुलर (आर्म ओढून काढायचं हत्यार) लावून सरळ वर ओढावं लागतं. स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटलं किंवा हातोडीनं ठोकलं तर काच फुटू शकते. घरी करून बघणाऱ्यांना एवढी एक विनंती: आर्म सुटत नसेल तर तिथेच थांबा आणि गाडी घेऊन या.

आर्म निघाला की डिक्कीच्या दरवाजाचं आतलं प्लॅस्टिकचं पॅनल काढून मोटर खाली घेतो. दांड्याचं लॉक काढून तो नळीतून हळूहळू बाहेर ढकलतो. बऱ्याचदा तो तपकिरी गंजानं माखलेला असतो, बोटांनी फिरवायला गेलं तर हलतही नाही. बारीक पॉलिश पेपरनं दांडा आणि नळी दोन्ही साफ करायची, जुनी ओ-रिंग (रबराची गोल कडी) फेकून नवी घालायची, ताजं ग्रीस भरायचं. दांडा परत घातल्यावर दोन बोटांत धरून लोण्यासारखा फिरला पाहिजे. तसा फिरला नाही तर आम्ही पुन्हा काढतो. आर्म घालण्याआधी मोटर एकदा चालवून बंद करतो, म्हणजे ती आपल्या थांब्यावर येते. मगच आर्म खुणेवर बसवतो. ही पायरी गाळली तर वायपर भलत्याच जागी थांबतो किंवा काचेच्या कडेवर आपटतो.

काही मोटरींचं आवरण कायमचं बंद केलेलं असतं, काहींत गिअरचे प्लॅस्टिकचे दाते झिजलेले असतात. तिथे पूर्ण युनिट बदलण्यावाचून इलाज नाही. जुना भाग मात्र तुमच्या हातात देऊ, स्वतः बघून घ्या.

दोष वायरीत असेल तर

छत आणि डिक्कीचा दरवाजा यांच्या मध्ये एक रबरी नळी दिसते. मागच्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात. डिक्की उघडली-लावली की त्या वाकतात, सरळ होतात, आणि काही वर्षांनी आतल्या आत तुटतात. वायपरबरोबर नंबरप्लेटचा दिवा किंवा डिक्कीचं लॉकही कधी चालत, कधी बंद पडत असेल, किंवा डिक्की हलवल्यावर वायपर अचानक सुरू होत असेल, तर संशय आधी इथेच घ्यावा. नुसतं पीळ मारून टेप गुंडाळलेला जोड वाकणाऱ्या जागी टिकत नाही. आम्ही लवचीक वायरचा नवा तुकडा घालतो आणि सोल्डर केलेले जोड नळीच्या बाहेर, न वाकणाऱ्या भागात ठेवतो.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठ्या ॲम्पिअरचा घालू नका. फ्यूज वाचेल आणि वायर जळेल.

पाण्याचं बटण दाबून मागे पाणी येत नसेल तर दाबत राहू नका. नळी मध्येच निसटली असेल तर ते पाणी छताच्या कापडात किंवा डिक्कीत उतरतं. काही गाड्यांत पाण्याची नळी वायपरच्या दांड्यातूनच जाते. तिथली गळती थेट मोटरमध्ये शिरते.

काचेविषयी

पुढच्या काचेतला छोटा टवका भरता येतो, कारण ती दोन काचांच्या मध्ये पारदर्शक थर घालून केलेली असते. मागची काच बहुतेक गाड्यांत टफन्ड (तापवून कडक केलेली) असते. ती तडकत नाही, एकदम हजारो बोथट तुकड्यांत कोसळते. म्हणून ती भरून मिळत नाही, बदलावीच लागते. जुने तुकडे डिक्कीच्या दरवाजाच्या पोकळीत आणि वायपरच्या यंत्रणेत अडकलेले असतात, ते काढणं नवी काच बसवण्याइतकंच महत्त्वाचं आहे. नवी काच चिकटवणारा गोंद हवेतल्या ओलाव्यावर पक्का होतो. गाडी केव्हा हलवायची हे त्या गोंदावर आणि हवामानावर ठरतं, आम्ही सांगू तेवढं थांबा. पहिले एक-दोन दिवस बाजूची एक काच बोटभर उघडी ठेवा, कारण दार आपटलं की आतली हवा ओल्या जोडाला बाहेर ढकलते. तेवढे दिवस प्रेशरच्या पाण्यानं धुवू नका.

काचेवरच्या आडव्या तांबूस रेघा म्हणजे डिफॉगर, काच तापवून तिच्यावरचं धुकं घालवणारा. एकच रेघ बंद असेल तर ती कुठेतरी तुटली आहे एवढंच, काच बदलायची गरज नाही. डिफॉगर चालू करून मल्टिमीटरचं टोक रेघेवरून सरकवलं की एका टोकाला साधारण 12 व्होल्ट, मधोमध 6 च्या आसपास आणि दुसऱ्या टोकाला शून्य दिसतं. जिथे आकडा सावकाश उतरण्याऐवजी एकदम उडी मारतो, तिथे रेघ तुटलेली. तेवढ्या जागी वीज वाहून नेणारा चांदीचा रंग भरतो. सगळ्याच रेघा बंद असतील तर फ्यूज, रिले (वीज चालू-बंद करणारा स्विच) किंवा काचेच्या कडेची पट्टी सुटली आहे का ते बघतो. रेघा काचेच्या आतल्या बाजूला छापलेल्या असतात, म्हणून आतून पुसताना मऊ कापड रेघांच्या दिशेनं फिरवा आणि स्टिकर ब्लेडनं खरवडू नका.

वायपर कोरड्या धुळीवर चालवू नका, आधी पाणी मारा. तो फारसा लागत नसला तरी आठवड्यातून एकदा पाणी मारून फिरवा, म्हणजे दांडा जाम होण्याचा धोका कमी होतो. रबर कडक झालं किंवा पाण्याच्या रेघा सोडू लागलं की ब्लेड बदला.

गाडी आणताना डिक्की रिकामी करून आणा, पॅनल काढायला जागा लागते. आणि वायपर कधी थांबतो, कसा आवाज येतो, त्याबरोबर आणखी काय बंद पडतं, ते आठवून सांगा. निम्मा शोध तिथेच लागतो.