एक ‘मला’ आणि जर्मनची दोन सर्वनामे

2024 मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पाठवण्याविषयी करार झाला आणि जर्मन भाषा शिकण्याची इच्छा महाविद्यालयांच्या बाहेर, परिचारिका, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक अशा मंडळींपर्यंत पोहोचली. अवघ्या काही आठवड्यांत भाषा शिकवण्याचे दावे करणाऱ्या जाहिरातीही सोबत आल्या. पुरुषवाचक सर्वनामांचा तक्ता पाठ केला की वाक्ये जमतात, हा समज अशा शिकवण्यांतून पसरतो. तक्ता दोन दिवसांत पाठ होतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

काही गोष्टी मराठी माणसाला सोप्या जातात. निर्जीव वस्तूंनाही लिंग असते, हे आपल्याला नवे नाही. त्यामुळे जर्मनमध्ये पुल्लिंगी असलेल्या टेबलाला ‘एर’ म्हणजे ‘तो’ म्हणताना आपण अडखळत नाही. ‘झी’ हे एकच सर्वनाम ‘ती’, अनेकवचनी ‘ते’ आणि आदरार्थी ‘आपण’ या तिन्ही अर्थांनी येते. पण ‘ती’ला क्रियापद एकवचनी लागते आणि आदरार्थी ‘झी’चे पहिले अक्षर लिहिताना मोठे असते, म्हणून गोंधळ लवकर मिटतो.

गाडी अडते ती ‘मला’पाशी. शाळेत आपण विभक्तींचे प्रत्यय घोकतो, तेव्हा द्वितीयेला ‘स, ला, ते’ आणि चतुर्थीलाही ‘स, ला, ते’ असेच म्हणतो, आणि प्रत्यय सारखेच असतील तर विभक्ती दोन कशासाठी, हा प्रश्न बहुतेकांच्या मनात तसाच राहतो. जर्मनमध्ये हा भेद कानांना ऐकू येतो. ‘तो मला पाहतो’ हे ‘एर झीट मिश’, आणि ‘तो मला पुस्तक देतो’ हे ‘एर गिप्ट मिर डास बूख’. पहिल्या वाक्यात पाहण्याची क्रिया थेट माझ्यावर होते. दुसऱ्यात देण्याची क्रिया पुस्तकावर होते आणि मी ते स्वीकारणारा असतो. ‘मिश’ ही द्वितीया, ‘मिर’ ही चतुर्थी. तसेच ‘तुला’साठी ‘डिश’ आणि ‘डिर’, ‘त्याला’साठी ‘ईन’ आणि ‘ईम’.

चतुर्थीचा सर्वांत सुंदर वापर अनुभवाच्या वाक्यांत दिसतो, आणि तेथे मराठी फार उपयोगी पडते. ‘मला थंडी वाजते’ यात मी काही करत नाही, थंडी माझ्यापर्यंत येते. जर्मन माणूसही ‘मिर इस्ट काल्ट’ म्हणतो. इंग्रजीच्या वळणाने ‘इश बिन काल्ट’ म्हटले, तर बोलणारा भावनाशून्य आहे असा अर्थ निघू शकतो. ‘मिर इस्ट लांगवायलिश’ म्हणजे मला कंटाळा आला आहे, आणि ‘इश बिन लांगवायलिश’ म्हणजे मी कंटाळवाणा माणूस आहे. ‘मला ते आवडते’ हे ‘एस गेफेल्ट मिर’ होते आणि त्यातही आवडणारी वस्तूच कर्ता असते. म्हणून जर्मन शिकताना मनात आधी इंग्रजी वाक्य जुळवण्याची सवय मराठी विद्यार्थ्याने सोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही मराठी सर्वत्र साथ देत नाही. ‘मी तुला विचारतो’ आणि ‘मी तुला उत्तर देतो’ या दोन्हींत आपण ‘तुला’च म्हणतो, जर्मनमध्ये ‘इश फ्रागे डिश’ पण ‘इश आंटवोर्टे डिर’. उत्तर हीच दिली जाणारी वस्तू आणि ऐकणारा ती स्वीकारणारा, असे दुसऱ्या वाक्याचे स्पष्टीकरण देता येते. ‘मदत करणे’ या अर्थाच्या ‘हेल्फेन’ला चतुर्थी लागते, ‘फोन करणे’ या अर्थाच्या ‘आनरूफेन’ला मात्र द्वितीया, आणि ‘मला भूक लागली’ हे तर ‘इश हाबे हुंगर’, म्हणजे शब्दशः ‘माझ्याजवळ भूक आहे’ असे होते. अर्थावरून विभक्तीचा अंदाज बांधता येतो, पण निर्णय क्रियापदाकडेच असतो.

संस्कृतात ‘माम्’ आणि ‘मह्यम्’ असा हाच भेद होता. ‘अहम्–इश’, ‘त्वम्–डू’, ‘माम्–मिश’ अशा जोड्या दाखवून जर्मन भाषा संस्कृतातून निघाल्याचा दावा समाजमाध्यमांवर फिरतो. तो चुकीचा आहे. दोन्ही भाषा एकाच, त्याहून जुन्या भाषेच्या वंशज आहेत. त्या मूळ भाषेतील अ, ए आणि ओ हे ऱ्हस्व स्वर संस्कृतात ‘अ’मध्ये मिसळून गेले, तर त्याच भाषाकुळातील ग्रीक आणि लॅटिनमध्ये वेगळे राहिले, संस्कृत ही जननी असती, तर एकदा मिसळलेले स्वर लेकींना अचूक वेगळे करता आले नसते. ‘त्वम्’मधील ‘त’चा जर्मनमध्ये ‘ड’ होणे हाही योगायोग नाही: ‘त्रि’चा ‘ड्राय’ (तीन) तसाच होतो, आणि जर्मॅनिक भाषांतील या ध्वनिबदलांची नियमबद्धता जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये मांडली.

विभक्तींचे असे मिसळणे जर्मनमध्येही घडले आहे. ‘आम्हांला’ या अर्थी जुन्या जर्मनमध्ये द्वितीयेला ‘उन्सिह’ आणि चतुर्थीला ‘उन्स’ अशी दोन रूपे होती. आज दोन्हींसाठी ‘उन्स’ हेच उरले आहे. उत्तरेकडील सखल प्रदेशाच्या अनेक बोलींत ‘मिश’ आणि ‘मिर’ या दोन्हींच्या जागी ‘मी’ हे एकच रूप चालते, आणि बर्लिनच्या बोलीत ‘इक लीबे डिर’ (माझे तुझ्यावर प्रेम आहे) असे, ‘डिश’ऐवजी ‘डिर’ वापरणारे आणि म्हणून प्रमाणभाषेच्या दृष्टीने चुकीचे, वाक्य ऐकू येते.