अतिनील की गॅमा? सूक्ष्मशैवालाचं प्रकाशसंश्लेषण नेमकं कुठे बिघडतं

क्लोरेला या एकपेशीय हिरव्या शैवालाचा एक चंबू यूव्ही-बी (अतिनील किरणांचा एक पट्टा) दिव्याखाली ठेवा, दुसरा कोबाल्ट-६०च्या गॅमा चेंबरमध्ये. दोन्हींवर पडलं ते ‘रेडिएशन’च, त्यामुळे बातम्यांत दोघांना सरसकट एकाच रांगेत बसवतात. प्रकाशसंश्लेषणाच्या बाजूने पाहिलं, तर ही दोन अगदी वेगळी दुखणी आहेत.

यूव्ही-बीच्या एका फोटॉनमध्ये जेमतेम ४ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा असते. पाण्याच्या रेणूतून इलेक्ट्रॉन उडवायला १२च्या आसपास लागते, म्हणजे यूव्ही-बीला आयनीकरण जमतच नाही. त्याला शोषून घेणारा रेणूच समोर यावा लागतो, आणि पेशीत असे रेणू ठरलेले आहेत: डीएनएचे बेस, काही अमिनो आम्लं आणि प्रकाशप्रणाली-२ या प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनसंचातला मँगनीजचा पुंजका. पाणी फोडून ऑक्सिजन काढायचं काम हाच पुंजका करतो, म्हणून फटका थेट मर्मावर बसतो. शेजारचं डी१ नावाचं प्रथिन तर साध्या कडक उन्हातही झिजत असतं. पेशी जुनं काढून नवं बसवत राहते. यूव्हीखाली झीज जास्त आणि भरपाई कमी पडते. मग चंबू थोडा वेळ अंधारात ठेवून क्लोरोफिलची प्रतिदीप्ती (शोषलेल्या उजेडातून ते परत सोडतं तो मंद उजेड) मोजली, की एफव्ही/एफएम हा प्रकाशप्रणाली-२ची कार्यक्षमता सांगणारा आकडा लगेच घसरलेला सापडतो. निरोगी हिरव्या शैवालात तो ०.७च्या आसपास असतो.

कोबाल्ट-६०चे गॅमा फोटॉन ११.७ आणि १३.३ लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचे, म्हणजे यूव्ही-बीच्या सुमारे तीन लाख पट. एवढ्या ताकदीला निवडानिवड करायची गरज नसते. वाटेत येईल त्यातून इलेक्ट्रॉन उडतात, आणि पेशीत वाटेत येतं ते मुख्यतः पाणीच. त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे अतिक्रियाशील तुकडे तयार होतात आणि मेद, प्रथिनं, डीएनए, जे हाताशी लागेल त्याला भिडतात. झळ प्रकाशप्रणाली-२लाही बसते. नाजूक मोजमापात कमी डोसलाही तिथे फेरफार दिसतात. पण एकेका प्रथिनाच्या प्रती भरपूर असतात, केंद्रकातल्या डीएनएच्या मोजक्याच. त्याचे दोन्ही धागे तुटले की विभाजन अडतं. त्यामुळे गॅमाखाली आधी विभाजन थांबतं आणि प्रकाशसंश्लेषण बरंच नंतर ढासळतं. मधल्या काळात पेशी दुभंगायच्या सोडून नुसत्या फुगत जातात आणि ऑक्सिजनही सोडत राहतात.

लासलगावच्या ‘कृषक’ या विकिरण केंद्रात कांद्याला गॅमा किरण देतात ते याच तत्त्वावर. डोस १०० ग्रेपेक्षाही कमी (एक ग्रे म्हणजे किलोमागे शोषलेली एक ज्यूल ऊर्जा). कांद्याला कोंब फुटत नाही, पण कांदा मेलेला नसतो. त्याचं श्वसन चालूच असतं. शैवालाची गोष्ट तीच, फक्त आकडे मोठे. माणसाच्या सर्वांगाला ४-५ ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत तर निम्मे दगावतात. स्पिरुलिना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आर्थ्रोस्पिराचा (हा खरं तर नीलहरित जिवाणू) पीसीसी ८००५ हा वाण ६४०० ग्रेनंतरही पुन्हा वाढीला लागला. फ्रान्समधल्या एका अणुकेंद्राच्या इंधनतलावात सापडलेल्या कोकोमिक्सा ॲक्टिनाबायोटिसने तर २०,००० ग्रे पचवले.

म्हणून फ्लुरोमीटरचा, म्हणजे प्रतिदीप्ती मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा वाचताना किरण कोणते दिले होते ते आधी बघावं. यूव्हीनंतर तो बऱ्यापैकी विश्वासाचा, कारण घाव जिथे बसतो तिथलंच तो मोजतो. गॅमानंतर ०.७ आला म्हणून पेशी वाचल्या असं धरणं मला धाडसाचं वाटतं. किती पेशी अजून विभागू शकतात हे कळायला आगारच्या प्लेटवर वसाहती मोजण्याला पर्याय नाही.

बचावाचे मार्गही वेगळे. काही शैवालांकडे यूव्ही शोषणारी मायकोस्पोरिनवर्गीय संयुगं असतात. गॅमा त्यांतून आरपार जातो. यूव्हीने डीएनएत पडलेल्या गाठी फोटोलायेज हे विकर निळ्या उजेडाच्या जोरावर सोडवतं, तुटलेल्या धाग्यांपुढे मात्र ते हतबल. तेव्हा यूव्ही दिल्यावर नमुना उजेडात ठेवला की अंधारात, हे न सांगता जिवंत पेशींची टक्केवारी दिली असेल तर ती अर्धवट समजावी. गॅमाच्या बाबतीत हाच प्रश्न वेगाचा असतो: १००० ग्रे दहा मिनिटांत दिले की दोन दिवसांत? दोन दिवसांत दिले, तर पेशीला मधल्या मधे दुरुस्ती करायला सवड मिळालेली असते.