डेक्कन ट्रॅपमध्ये टॅबलेटवर मॅपिंग : भूशास्त्र विभागांसाठी माहितीपत्रक

तीन विद्यार्थ्यांमागे एकच टॅबलेट आम्ही भाड्याने देतो. एकाने खडक पाहायचा, दुसऱ्याने मोजायचे, तिसऱ्याने नोंदवायचे. दर दोन स्टेशननंतर (नोंदी घेण्याच्या जागांनंतर) कामे बदलायची. प्रत्येकाच्या हाती टॅबलेट आला की सगळे स्क्रीनवरचा निळा ठिपका बघत बसतात आणि आउटक्रॉप, म्हणजे उघडा पडलेला खडक, तसाच राहतो.

निघण्यापूर्वी

क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट तयार करून तो क्यूफील्ड या टॅबलेटवरच्या अ‍ॅपमध्ये उतरवायचा. बिंदू, रेषा आणि क्षेत्र असे तीन थर; निर्देशांक पद्धत यूटीएम ४३ उत्तर, डेटम (स्थान मोजण्याचा पाया) जीपीएसचाच, डब्ल्यूजीएस ८४. खडकाचे नाव टाइप करू देऊ नका, यादीतून निवडू द्या. नाहीतर एकाच रेड बोलची (दोन लाव्हा थरांमधल्या लाल मातकट पट्ट्याची) चार स्पेलिंगे नकाशाच्या सूचीत येतात. संपर्करेषा (दोन खडक जिथे भेटतात ती रेषा) 'दिसलेली' की 'अंदाजे' हा रकाना सक्तीचा ठेवा.

जुनी टोपोशीट (छापील स्थलदर्शक नकाशा) एव्हरेस्ट या जुन्या डेटमवर असते. रूपांतर न करता ती खाली लावली, तर महाराष्ट्रात सगळे शंभरेक मीटर सरकते. नाला एकीकडे, पोरे दुसरीकडे.

कंपास

सर्वाधिक तक्रारी याच्याच येतात, आणि दोष बहुधा टॅबलेटचा नसतो. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकी खनिज असते; वीज पडलेल्या माथ्यांवर तर ब्रंटनची, म्हणजे भूशास्त्राच्या हातातल्या कंपासची, सुईही भरकटते. टॅबलेट हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवला की त्याचा स्वतःचा चुंबकी परिणाम वजा होतो, खडकाचा होत नाही. डेक्लिनेशन (चुंबकी उत्तर आणि खरी उत्तर यांतला कोन) बदलूनही उपयोग नाही. आपल्याकडे ते एक अंशाहून कमी आहे. चुंबकी झडपेचे कव्हर आधी काढा.

धुळे-नंदुरबारच्या डाइकची (भेगेत घुसून थिजलेल्या लाव्हाच्या उभ्या भिंतीची) स्ट्राइक, म्हणजे ती धावते ती दिशा, कंपासने घेऊच नये. डाइकवर दूरदूरचे दोन जीपीएस बिंदू घेऊन दिशा काढावी. दोन्ही टोकांना ५ मीटरची चूक धरली, तर ५० मीटर अंतरावर दिशा ११ अंशांपर्यंत चुकू शकते, ३०० मीटरवर जेमतेम २ अंश. डिप (आडव्या पातळीपासूनचा उतार) मात्र गुरुत्वावर मोजली जाते, तिला चुंबकाची बाधा नाही.

उंची

लाव्हाचे थर जवळपास आडवे, म्हणून संपर्क डोंगराभोवती उंचीच्या आधारे जोडत जातात. इथेच घात होतो. अँड्रॉइडचा जीपीएस बहुधा एलिप्सॉइडवरची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची, उंची देतो. महाराष्ट्रात ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा सुमारे ६० मीटरने कमी भरते. क्यूफील्डच्या सेटिंगमध्ये जिऑइड ग्रिड (हा फरक भरून काढणारी फाइल) निवडा. तरीही उभी चूक आडवीच्या दुप्पट-तिप्पट असू शकते, तेव्हा नकाशातल्या कंटूरशी (समउंची रेषांशी) पडताळा.

झूम

१:१०,००० च्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे १० मीटर. विद्यार्थी १:५०० पर्यंत झूम करून संपर्क रेखतात आणि नसलेली अचूकता दिसू लागते. त्यामुळे १:५,००० हून जास्त झूम करून रेषा काढायची नाही, असा नियमच करा.

प्रत्येक टॅबलेटसोबत १०,००० एमएएचची पॉवर बँक मिळते. रोज संध्याकाळी मूळ फाइलची प्रत काढून ठेवा. सगळ्या टॅबलेटच्या नोंदींची जोडणी एकाच लॅपटॉपवर, एकाच माणसाने करायची. हातोडा, भिंग, ब्रंटन आणि नोंदवही भाड्यात नाहीत, विद्यार्थ्यांनी आपापली आणावीत.