ब्रॉडकास्ट फ्लॅग : घरातल्या टीव्हीवर हुकूम कोणाचा?

टीव्ही कार्यक्रमांच्या डिजिटल प्रती इंटरनेटवर पसरू नयेत म्हणून अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने 'ब्रॉडकास्ट फ्लॅग'चा नियम नोव्हेंबर २००३ मध्ये केला. १ जुलै २००५ नंतर बनणाऱ्या प्रत्येक डिजिटल टीव्ही रिसीव्हरला तो पाळावा लागणार होता. आठ आठवडे उरले असताना, ६ मे २००५ रोजी, वॉशिंग्टनच्या फेडरल अपील न्यायालयाने तो रद्द केला. या निकालाची आठवण 'पायरसीविरोधी नियम पडला' एवढीच राहिली आहे, पण खटल्याचा गाभा वेगळा होता.

घरी कार्यक्रम रेकॉर्ड करून सवडीने पाहणे हा कॉपीराइटचा भंग नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ सालीच ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले होते. व्हीसीआरच्या टेपची प्रत काढली की चित्र खराब होत जाते, डिजिटल प्रत मात्र मुळाइतकीच स्वच्छ. स्टुडिओंना त्याची धास्ती होती. संरक्षण नसेल तर चांगले सिनेमे केबल-उपग्रहाकडे जातील आणि अँटेनावर फुकट टीव्ही पाहणाऱ्याच्या हाती दुय्यम माल उरेल, असे ते सांगत होते. २००२ मध्ये एका मोठ्या नेटवर्कच्या मालकांनी तर हाय डेफिनेशन कार्यक्रमच दाखवणार नाही, अशी ताकीद दिली.

फ्लॅग म्हणजे कुलूप नव्हे. प्रक्षेपण खुलेच राहणार होते; सोबतच्या डेटामध्ये 'याचे पुनर्वितरण करू नये' अशी एक छोटीशी खूण फक्त असणार होती. खूण कोणाला अडवत नाही. म्हणून ती वाचून मान्य करण्याची सक्ती यंत्रावर करावी लागली. रिसीव्हरने डिजिटल सिग्नल ठरावीक मार्गांनीच बाहेर सोडायचा आणि रेकॉर्डिंग मंजूर तंत्रांनीच करायचे. ऑगस्ट २००४ मध्ये आयोगाने अशी १३ तंत्रे मंजूर केली. सामान्य माणसाने सहज मिळणाऱ्या हत्यारांनी यंत्र उघडले तरी हे बंधन सुटता कामा नये, अशीही अट होती, आणि त्या हत्यारांत स्क्रू ड्रायव्हर आणि सोल्डरिंग आयर्न धरलेले होते. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या टीव्हीच्या स्क्रूपर्यंत सरकारी नियम पोहोचला होता. बातम्या किंवा कॉपीराइट संपलेले साहित्य यांनाही त्यात सूट नव्हती.

आव्हान दिले नऊ संघटनांनी : ग्रंथालयांच्या, ग्राहकांच्या आणि डिजिटल हक्कांच्या. फेब्रुवारी २००५ मधल्या सुनावणीत एका न्यायाधीशांनी आयोगाच्या वकिलांना विचारले, की उद्या वॉशिंग मशीनवरही तुम्ही अधिकार सांगणार का? तरीही दावा पुढे जाईल याची खात्री नव्हती. मार्चमध्ये न्यायालयाने संघटनांनाच विचारले, की या नियमाने तुमचे नेमके काय बिघडते? तिथे नॉर्थ कॅरोलायनातल्या एका विद्यापीठाचे ग्रंथालय कामी आले. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना इंटरनेटवरून टीव्ही कार्यक्रमांचे तुकडे दाखवण्यासाठी ते प्राध्यापकांना मदत करत असे, आणि फ्लॅगमुळे नेमके तेच बंद पडणार होते.

मग सुरू झाला 'आनुषंगिक अधिकारक्षेत्र' या शब्दाचा गुंता. कायद्याने स्पष्ट न दिलेला, पण दिलेली कामे पार पाडण्यासाठी लागणारा अधिकार, असा त्याचा अर्थ. १९६८ मध्ये केबलच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला आणि १९७९ मध्ये त्याला आवर घातला. त्याच्या दोन पायऱ्या आहेत. विषय आयोगाच्या मूळ कक्षेत बसला पाहिजे, आणि नियम आयोगाच्या नेमून दिलेल्या कामाशी जोडलेला पाहिजे. १९३४ च्या कायद्यातल्या रेडिओ संदेशवहनाच्या व्याख्येत प्रेषणाला आनुषंगिक 'उपकरणे' येतात. टीव्ही हे उपकरणच, म्हणून तो आमच्या कक्षेत, असे आयोगाचे म्हणणे. न्यायालयाने 'प्रेषण' या शब्दावर बोट ठेवले. सिग्नल घरात पोहोचला की प्रेषण संपले. फ्लॅगचा नियम लागू होतो तो त्यानंतर. म्हणजे पहिल्याच पायरीवर दावा अडला आणि दुसरी तपासायची गरजच उरली नाही. तिन्ही न्यायाधीश एकमत होते.

मला हा तर्क पटतो, कारण त्याला इतिहासाचा आधार आहे. टीव्हीत यूएचएफ (वरच्या वारंवारतेच्या वाहिन्या पकडणारा) ट्यूनर सक्तीचा करायचा होता तेव्हा १९६२ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, कायदा केला. बहिऱ्या प्रेक्षकांसाठी संवाद पडद्यावर अक्षरांत दाखवणाऱ्या सर्किटसाठी १९९० मध्ये, मुलांना नको ते कार्यक्रम पालकांना अडवू देणाऱ्या व्ही-चिपसाठी १९९६ मध्ये. यंत्राच्या आत हात घालायचा तर दर वेळी लोकप्रतिनिधींची परवानगी घेतली गेली. फ्लॅगच्या वेळी ती घेतली नाही. २००६ मध्ये ती मागणारी विधेयके आली, पण मंजूर झाली नाहीत.

या निकालाची धार दोन्ही बाजूंना लागली. एप्रिल २०१० मध्ये त्याच न्यायालयाने हाच दाखला देऊन नेट न्यूट्रॅलिटीच्या (इंटरनेट कंपन्यांनी सगळ्या वाहतुकीला समान वागवावे या तत्त्वाच्या) प्रकरणात आयोगाचा आदेश रद्द केला. जानेवारी २०१३ मध्ये केबल-उपग्रहाचे कॉपीविषयक नियमही अधिकाराच्याच मुद्द्यावर गेले. त्या नियमांनी तर कंपन्यांच्या निर्बंधांना मर्यादा घातली होती, तेव्हा नुकसान प्रेक्षकाचे झाले.

फ्लॅगचा मजकूर नियमपुस्तिकेतून निघाला ऑगस्ट २०११ मध्ये, ८० हून अधिक कालबाह्य नियमांसोबत. आयोगाने २०१७ मध्ये परवानगी दिलेल्या नव्या प्रक्षेपण मानकात केंद्रे आता सिग्नलच कूटबद्ध करू लागली आहेत, आणि तो उघडायचा तर रिसीव्हरला प्रक्षेपकांच्या स्वतःच्या यंत्रणेचे प्रमाणपत्र लागते. अँटेना लावूनही चित्र दिसत नाही, अशा प्रेक्षकांच्या तक्रारी आयोगाकडे जात आहेत. ही सक्ती सरकारची नाही, त्यामुळे २००५ सारखा न्यायालयात नेण्याजोगा आदेशही कुठे नाही.