अरेंजर की सिंथ? बँडसाठी कीबोर्ड घेताना होणारा घोळ

गणपती जवळ आले की ठरलेला प्रश्न येतो, दादा बँडसाठी कीबोर्ड घ्यायचाय, बजेट तीस-चाळीस हजार, यामाहा घेऊ का रोलँड? आता हा प्रश्न कंपनीचा नाहीच मुळी. आपल्याकडे कित्येक वर्षं कुठल्याही कीबोर्डला सरसकट कॅसिओच म्हणत आलेत, त्यामुळे दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले दोन ६१ पट्ट्यांचे कीबोर्ड लोकांना एकच वाटतात. पण त्यातला एक अरेंजर असतो आणि दुसरा सिंथेसायझर, आणि स्टेजवर चढल्यावर दोघांचं काम पार वेगळं आहे.

अरेंजर म्हणजे यामाहाची पीएसआर सिरीज, कॅसिओची सीटी-एक्स वगैरे. डाव्या हाताने कॉर्ड धरली की ड्रम, बेस, गिटार सगळं आपोआप वाजायला लागतं, त्याला स्टाइल म्हणतात. स्पीकर आतच असतात. म्हणजे एकटा माणूस अख्खा बँड. वाढदिवस, छोटा भावगीतांचा कार्यक्रम, हॉलमधला संगीत समारंभ, एक गायक आणि एक कीबोर्डवाला, तिथे याला तोड नाही आणि कोणी याला लहान मुलांचं खेळणं म्हणालं तर ऐकू नका.

पण तुमच्याकडे ढोलकीवाला आहे, ऑक्टोपॅडवाला (काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक ड्रमपॅड) आहे, बेस गिटार आहे, तर ती स्टाइल लावणार कुठे? मशीनचा टेम्पो मशीनचाच राहतो, तो ढोलकीवाल्याकडे बघत नाही. लावणीत अंतरा संपवून ढोलकीवाला रंगात आला, लय थोडी चढवली, की स्टाइल मागे पडलीच समजा आणि मग दोन ठेके एकमेकांत अडकतात ते श्रोत्यांनाही कळतं. म्हणून बँडमध्ये स्टाइल बंदच ठेवावी लागते, म्हणजे ज्या गोष्टीसाठी एवढे पैसे मोजले तीच बंद. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण पोरं वर्गणी काढून, उसने घेऊन कीबोर्ड घेतात.

सिंथमध्ये, म्हणजे आपल्याकडे ऑर्केस्ट्रा आणि बँजो पार्टीत हमखास दिसणारा रोलँड एक्सपीएस-१० घ्या, असली साथ नसते आणि स्पीकरही नसतात. घरी आणून चालू केला की आवाजच नाही, लोक घाबरतात की पीस खराब आला. खराब नाही, त्याला अँप किंवा हेडफोन लागतो. पण स्पीकर नसल्यामुळेच तो हलका, ४ किलोच्या आसपास, आणि एका खांद्यावर कीबोर्ड आणि दुसऱ्या हातात स्टँड घेऊन लोकलने जाणाऱ्याला विचारा ४ किलो आणि ७ किलोत काय फरक असतो ते.

दुसरं म्हणजे मींड, एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. बासरी, सनई, सारंगीचा पीस वाजवायचा तर पिच बेंड, म्हणजे वाजता सूर वर-खाली सरकवणारी सोय, लागतोच, नाहीतर सनई हार्मोनियमसारखी तुटक तुटक वाजते. एक्सपीएस-१० ला डावीकडे तो आडवा हलणारा लिव्हर आहे. अरेंजरमध्ये मात्र बघून घ्यावं लागतं, पीएसआर-ई३७३ ला पिच बेंड नाही, ई४७३ ला चाक आहे, आणि दिसायला दोन्ही भावंडं. नुसतं ‘यामाहा घेतला’ म्हणून काही कळत नाही ते यासाठी.

आता मुख्य गोष्ट, जी दुकानदार सहसा सांगत नाही: मागची भोकं बघा. स्वस्त अरेंजरला बऱ्याचदा एकच जॅक असतो, हेडफोनचा, त्यालाच आउटपुट म्हणायचं. आमच्यावर हे एका मंडळाच्या कार्यक्रमात बेतलं. साउंडवाल्याने स्टिरिओ पिनची केबल त्या हेडफोन जॅकमधून सरळ मिक्सरच्या एका चॅनलला लावली, आणि पियानो इतका पोकळ यायला लागला की रिव्हर्ब (मागचा घुमारा) ऐकू येतोय पण सूर नाही. गायिका बिचारी काळी चारमध्ये, म्हणजे तिच्या पट्टीत, उभी, तिला सूरच मिळेना. नंतर कारण कळलं. मिक्सरचं बॅलन्स्ड इनपुट पिनच्या टोकावरच्या सिग्नलमधून मधल्या कड्यावरचा सिग्नल वजा करतं, आणि हेडफोन जॅकमध्ये टोक म्हणजे डावा आवाज, कडं म्हणजे उजवा, तर दोन्हीत जे सारखं आहे ते उडून जातं, आणि नेमका मुख्य सूरच दोन्हीत सारखा असतो. साधी मोनो पिन घातली तरी उजवी बाजू ग्राउंडला शॉर्ट होते, तेही बरं नाही. वाय केबल लागते, एका स्टिरिओ पिनमधून दोन मोनो पिना निघतात ती, आणि दोन चॅनल. सिंथला मागे डावं-उजवं वेगळं लाइन आउट (मिक्सरला जोडायचे जॅक) असतं त्यामुळे ही भानगडच नाही. ई४७३ लाही वेगळं लाइन आउट आहे आणि याच एका कारणासाठी मी तो ई३७३ पेक्षा कितीतरी वर धरतो.

केबल लांब जाणार असेल, म्हणजे मिक्सर मंडपाच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर डीआय बॉक्स, म्हणजे कीबोर्डचा सिग्नल लांब केबलसाठी बॅलन्स्ड करून देणारा छोटा डबा, मागा नाहीतर लाइटिंगचा हम (गुणगुण) त्यात घुसतो. आणि अडॅप्टर आपलाच वापरा, व्होल्टेज आणि पिनची पोलॅरिटी कंपनीगणिक बदलते, दुसऱ्याचा लावून बोर्ड उडू शकतो.

मग घ्यायचं काय? ड्रम, बेस, गिटार माणसं वाजवतात तर सिंथ, विचारच करू नका. गायक आणि तुम्ही दोघंच, तर अरेंजर. मधली केस जास्त दिसते, ढोलकी आणि ऑक्टोपॅड आहे पण बेस नाही. तिथे स्टाइल लागत नाही, स्प्लिट लागतो, म्हणजे पट्ट्यांचे दोन भाग करून डाव्या हाताला बेस आणि उजव्याला स्ट्रिंग किंवा बासरी, आणि स्प्लिट दोन्ही प्रकारात मिळतो, तर मी लाइन आउट आणि पिच बेंड असलेला अरेंजरही चालवून घेईन, कारण घरी रियाजाला तोच कामाला येतो.

दुकानात गेलात की कीबोर्डच्या आतल्या स्पीकरवर ऐकून भाळू नका, अँप लावायला सांगा. मग स्ट्रिंगची कॉर्ड धरून ठेवा आणि तशीच धरलेली असताना आवाज बदलून पियानो करा. स्ट्रिंग कचकन तुटली तर तुमच्या प्रत्येक गाण्यात मुखड्यावरून अंतऱ्यावर जाताना ती तशीच तुटणार आहे. त्यानंतर ट्रान्सपोज, म्हणजे पट्टी बदलायची सोय, शोधा. काळी एकचा गायक उतरून काळी चारची गायिका माइकवर येते तेवढ्या टाळ्यांच्या वेळात तो बदलता यायला पाहिजे, बटण वरच असलं तर घ्या, मेनूत तीन पायऱ्या आत असलं तर दुसरा पीस दाखवायला सांगा.