पाव भाजायला किती वेळ पेडल मारावे लागते?

एड बेगली ज्युनियर हे अमेरिकी प्रेक्षकांना परिचित झाले ते १९८२ ते १९८८ या काळात चाललेल्या ‘सेंट एल्सव्हेअर’ या मालिकेतील डॉक्टरच्या भूमिकेमुळे, आणि त्या भूमिकेसाठी त्यांना एमी पुरस्काराची ६ नामांकनेही मिळाली. २००७ मध्ये ‘लिव्हिंग विथ एड’ या कार्यक्रमात मात्र ते स्वतःच्याच घरात, पाव भाजण्याइतकी वीज बॅटरीत भरण्यासाठी जागच्या जागी फिरणारी सायकल चालवताना दिसले. प्रसंग गमतीचा असला तरी त्यामागचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. सुमारे १००० वॅटचा टोस्टर २ मिनिटे चालला, तर १,२०,००० ज्यूल ऊर्जा खर्च होते. साधारण प्रकृतीचा माणूस सलग पेडल मारून जेमतेम १०० वॅट शक्ती देऊ शकतो. म्हणजे त्या २ मिनिटांसाठी त्याला किमान २० मिनिटे घाम गाळावा लागेल, आणि जनित्रात व बॅटरीत वाया जाणारी ऊर्जा धरली तर त्याहूनही अधिक. विजेच्या बिलातील एका युनिटसाठी, म्हणजे १००० वॅट-तासांसाठी, हेच काम १० तासांचे होते.

बेगली यांना पर्यावरणपूरक राहणीच्या या वाटेवर आणले ते लॉस एंजेलिसच्या धुरक्याने. डोंगरांनी वेढलेल्या या शहरावर अनेकदा उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो आणि खालची हवा वर जाऊ शकत नाही. वाहनांच्या धुरातील हायड्रोकार्बन व नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन तयार होतो, हे कॅल्टेक या कॅलिफोर्नियातील तंत्रज्ञान संस्थेमधील रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी दाखवून दिले होते. आकाशात उंचावर आपले रक्षण करणारा हाच वायू जमिनीलगत डोळे आणि फुफ्फुसे जाळतो.

१९७० मध्ये, म्हणजे पहिला वसुंधरा दिन साजरा झाला त्याच वर्षी, बेगली यांनी विजेवर चालणारे वाहन घेतले. ते गोल्फच्या मैदानावरील गाडीपेक्षा फारसे वेगळे नव्हते, आणि यात दोष बॅटरीचा होता. शिसे-आम्ल बॅटरीच्या एका किलोत ३० ते ४० वॅट-तास ऊर्जा मावते, तर आजच्या लिथियम-आयन बॅटरीत १५० ते २५०. त्यामुळे पल्ला वाढवण्यासाठी शिसे वाढवावे, तर त्या शिशाचेच वजन ओढण्यात बरीचशी ऊर्जा खर्ची पडे.

पुढे १९९० च्या सुमारास त्यांनी घराच्या छतावर सौर पट्ट्या बसवल्या. स्वच्छ दुपारी एक चौरस मीटर जागेवर साधारण १००० वॅट सूर्यप्रकाश पडतो आणि त्या काळच्या पट्ट्या त्यातील १० ते १२ टक्क्यांचेच विजेत रूपांतर करत. म्हणजे दर चौरस मीटरला एक सायकलस्वार. आजच्या पट्ट्यांची कार्यक्षमता २० टक्क्यांच्या आसपास असल्याने तेवढ्याच जागेत आता दोघे मावतात.