मंगळावरील मानवी अवतरण

माणसांना व त्यांच्या वस्तीला लागणारे सामान मंगळाच्या पृष्ठभागावर सुखरूप उतरवणे म्हणजे मंगळावरील मानवी अवतरण. आजवर मंगळावर फक्त यंत्रे उतरली आहेत. त्यांतली सर्वांत जड ‘पर्सिव्हिअरन्स’ ही बग्गी १,०२५ किलोग्रॅमची होती. माणसांच्या मोहिमेसाठी एकेका खेपेला २० टन किंवा त्याहून जास्त भार उतरवावा लागेल, असे नासाचे आराखडे सांगतात. जुनी पद्धत नुसती मोठी करून हे साधत नाही.

अडचणीचे मूळ हवेत आहे. मंगळावरील हवेचा दाब सरासरी ६ मिलिबारच्या आसपास, म्हणजे पृथ्वीवरील दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी असतो. सेकंदाला साडेपाच-सहा किलोमीटर वेगाने शिरणारे यान जाळायला ही हवा पुरते, पण थांबवायला पुरत नाही. शिवाय यानाची सगळी मापे दुप्पट केली, तर वस्तुमान साधारण आठपट होते, पण हवेला अडणारे क्षेत्रफळ चौपटच वाढते. त्यामुळे जड यानाचा वेग पुरेसा उतरण्याआधीच जमीन येते.

२०१२ मध्ये उतरलेल्या नासाच्या ‘क्युरिऑसिटी’ बग्गीला साडेचार मीटर व्यासाचे उष्णतारोधक कवच, साडेएकवीस मीटरचे पॅराशूट आणि शेवटी इंजिनांच्या जोरावर तरंगणारी क्रेन, एवढे सगळे लागले. नासाने सुमारे ३० मीटरचे पॅराशूट २०१४ व २०१५ मध्ये हवाई बेटांजवळ उंचावरील विरळ हवेत तपासले. दोन्ही वेळा ते फाटले. त्यामुळे आता भर आहे तो फुगवून मोठ्या होणाऱ्या कवचावर (६ मीटरचा नमुना नोव्हेंबर २०२२ मध्ये पृथ्वीच्या वातावरणात यशस्वी ठरला) आणि स्वनातीत (आवाजापेक्षा जास्त) वेगातच इंजिने उलट दिशेने पेटवण्यावर. ‘फाल्कन ९’ या अग्निबाणाचा पहिला टप्पा परतताना जे करतो, ते याच जातीचे आहे.

मंगळाकडून संदेश यायला ३ ते २२ मिनिटे लागतात आणि अवतरण सुमारे सात मिनिटांत संपते. त्यामुळे सारे निर्णय यानावरच व्हावे लागतात. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपच्या ‘स्किआपारेल्ली’ यानात फिरण्याचा वेग मोजणारा संवेदक जेमतेम सेकंदभर कमाल मर्यादेवर अडकला. त्यावरून संगणकाने उंची शून्याखाली काढली, पॅराशूट सोडून दिले आणि इंजिने तीनच सेकंदांत बंद केली. यान तेव्हा सुमारे पावणेचार किलोमीटर उंचीवर होते. माणसे आत असतील, तेव्हा अशा चुकीला जागा नाही.

वस्ती म्हटली की आणखी एक प्रश्न येतो, आणि त्याची चर्चा फार कमी होते. सामान वस्तीजवळ उतरले पाहिजे, पण अगदी शेजारी उतरून चालणार नाही. नोव्हेंबर १९६९ मध्ये ‘अपोलो १२’ चंद्रावर आधीच उतरलेल्या ‘सर्व्हेअर ३’ या यानापासून सुमारे १६० मीटरवर उतरले. अंतराळवीरांनी त्या जुन्या यानाचे भाग परत आणले, तेव्हा इंजिनाने उडवलेल्या धुळीने त्यांचा पृष्ठभाग खरवडल्याचे दिसले. मंगळावर कितीतरी जड याने उतरतील. उतरण्यासाठी पक्का तळ आणि अडसराचे बांध नसतील, तर प्रत्येक नवी खेप आधीच्या घरांवर, सौर पट्ट्यांवर दगड फेकेल.

सहा ते नऊ महिने वजनरहित राहिलेल्या प्रवाशांना उतरताना अचानक मंदनाचा (वेग झपाट्याने कमी होण्याचा) भार सोसावा लागेल, आणि बाहेर काढायला तिथे कोणी नसेल. मंगळाकडे जाण्याची अनुकूल वेळ साधारण २६ महिन्यांनी येते. म्हणूनच बहुतेक आराखड्यांत सामान आधी पाठवून, ते नीट उतरल्याची खात्री झाल्यावरच माणसे निघतात.